वाहनातलं वाहन : कॅम्पर बाळगणाऱ्या नवशिक्यांसाठी प्राथमिक पाठ

सर्वप्रथम अभिनंदन. आपण कॅम्पर घेतला आहे. किंवा जुन्या ओम्नीच्या मागच्या सीटा काढून, फळ्या ठोकून, वर गादी टाकून तिला कॅम्पर म्हणायला सुरुवात केली आहे. दुसऱ्या प्रकारातले असाल तर आपण माझे बंधू. ओम्नीचं उत्पादन 2019 साली थांबलं, पण ही बातमी वाईतल्या ओम्नींच्या कानावर अजून गेलेली नाही. पुढे 2021 मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा आणलं. गाडीत शिरणाऱ्या उंदरांचं धोरण मात्र ज्याचं त्याने आखायचं असतं. त्यासाठी हे पाठ.

वाईकरांना कॅम्परचं अप्रूप नाही. 2004 सालच्या ‘स्वदेस’मध्ये नासातला मोहन भार्गव, गावात आपले हाल होतील या भीतीने, चाकांवरचं अख्खं घर घेऊन चरणपूरला येतो. ते चरणपूर म्हणजे आमची मेणवली. तीन तासांहून मोठा सिनेमा. गाडी भर गावात मुक्काम करते आणि तिच्यात एकदाही उंदीर शिरत नाही. सिनेमा मला आवडतो. पण मेणवलीच्या शिवारात उभ्या केलेल्या गाडीची ही कथा नासाच्या लोकांनी खरी मानली असेल, आम्ही नाही.

खरं तर आपल्याकडचं पहिलं कॅम्पिंग उंदरांनीच घडवलं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तो पुढे सातारा जिल्ह्यातही पसरला. घरात उंदीर पडला की माणसं चूलबोळकी उचलायची आणि माळावर झोपड्या घालून राहायची. पणजोबांनी उंदरामुळे घर सोडलं. आपण हौसेनं घर सोडायला गाडी घेतो आणि ती उंदराला राहायला देतो.

पाठ पहिला : पाहुणा ओळखणे

गादीवर काळं जिरं सांडल्यासारखं दिसेल. ते जिरं नाही. हुंगून खात्री करू नये. उशीच्या कोपऱ्याला भोक आणि त्यातला कापूस डॅशबोर्डच्या आत, ही दुसरी खूण. तिसरी खूण म्हणजे किल्ली फिरवल्यावर गाडी काहीच बोलत नाही.

माझ्याकडे थेट तिसरीच आली. दिवाळीनंतर गाडी अंगणात लावली होती, ती महाबळेश्वरची थंडी अनुभवायला म्हणून डिसेंबरात सुरू करायला गेलो. मेस्त्रीने बॉनेट उघडलं. (ओम्नीचं बॉनेट म्हणजे पुढची सीट. ती उचलायची, खाली इंजिन. उंदराच्या दृष्टीने हे बेडरूमला लागून स्वयंपाकघर झालं.) मेस्त्रीने आत हात घालून तारांचा एक झुबका बाहेर काढला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काका, शेवया वाळत घातल्या होत्या का?” विमा कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने फार गोड आवाजात सांगितलं, की उंदीर हा अपघात नव्हे.

नवशिक्यांनी इथे चिडू नये. उंदराला आपल्या वायरिंगचा राग नसतो. त्याचे पुढचे चार दात, दोन वर, दोन खाली, जन्मभर वाढत राहतात. कुरतडलं नाही तर ते त्यालाच अडचणीत आणतात. वायर हाताशी लागते, मऊ असते. हल्लीच्या वायरींच्या आवरणात सोयाबीनचा अंश असतो म्हणून उंदीर त्या खातात, अशा तक्रारींवरून अमेरिकेत गाडी कंपन्यांवर दावेसुद्धा झाले. होंडा कंपनीने तर मिरचीचा तिखटपणा भरलेली चिकटपट्टी काढली आहे, वायरीला गुंडाळायची. हे वाचून मी लवंगी मिरचीचं पाणी फवारलं होतं. दोन दिवस मीच शिंकत होतो.

आणि वेळ पाहा. आपल्याकडे ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर बेघर होतात. वर्षभर ज्यांनी उसात आणि भुईमुगात संसार केला, ती मंडळी एका दुपारी उघड्यावर येतात. थंडी पडायला लागलेली असते. समोर आपली गाडी: वर छप्पर, आत गादी आणि कप्प्यात मागच्या सहलीतली अर्धी चकलीची पिशवी. आपण असतो तर कुठे गेलो असतो?

पाठ दुसरा : दारं शोधणे

हा पाठ सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून यात कोणाचं लक्ष लागत नाही.

साधा उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत येतो. डोकं गेलं की बाकीचं अंग मागून येतं. सहा मिलिमीटर म्हणजे केवढं, हे कळायला पट्टी घेऊन गाडीखाली झोपा. मी झोपलो होतो. शेजारच्या पोराने आईला जाऊन सांगितलं, की आजोबा गाडीखाली आले.

खरी युक्ती रात्रीची आहे. गाडीत प्रखर दिवा लावा, दारं बंद करा आणि अंधारात बाहेरून चहूबाजूंनी बघा. जिथून जिथून उजेड फुटतो, ती उंदराची दारं. माझी ओम्नी त्या रात्री दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी दिसत होती. पेडलच्या मुळाशी, गिअरच्या रबराखाली, मागच्या दिव्यांमागे, तारा आत जातात तिथल्या फाटक्या रबरी बुचांतून, सगळीकडून उजेड.

भोकं कशाने बुजवायची? चिंध्यांनी नाही, ती त्याला अंथरुणाची भेट होते. फुगणाऱ्या फोमनेही नाही. फोम तो लोण्यासारखा पोखरतो. भांडी घासायची तारेची घासणी घ्या, ठासून भरा, वरून सिलिकॉन लावा. ती तार दाताला आणि हिरडीला टोचते, म्हणून तो नाद सोडतो. मोठ्या भोकाला बारीक जाळी मारा. पेडलच्या फिरत्या भागांत मात्र घासणी कोंबू नये. ब्रेक हा उंदरापेक्षा महत्त्वाचा.

आमच्या गावात हे शास्त्र जुनं आहे. गणपती घाटावरच्या ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी 1762 मध्ये बांधलं, तेव्हा मागची भिंत माशाच्या आकाराची केली. कृष्णेला पूर आला की पाणी तिच्यावर आपटत नाही, फुटून दोन्ही बाजूंनी निघून जातं. कोण कुठून येणार हे आधी बघून मग बांधायचं. ओम्नी बनवणाऱ्यांनी कोणता पूर बघितला होता, देव जाणे.

पाठ तिसरा : वास आणि आवाज

थोडक्यात सांगतो. डांबरगोळ्या: उंदीर राहतो, आपल्याला झोपता येत नाही. पुदिन्याचं तेल: चार दिवस गाडीला चटणीचा वास येतो, मग उडून जातो. तंबाखूच्या पुड्या इंजिनपाशी बांधायच्या, हा जीपवाल्यांचा उपाय. माझ्या पुड्या मेस्त्रीनेच संपवल्या. माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवणारी यंत्रं मिळतात, त्या आवाजाला उंदीर थोड्या दिवसांत सरावतात. वाजंत्रीच्या शेजारी राहणाऱ्याचं होतं तसंच.

पाठ चौथा : औषध, आणि ते का घालू नये

उंदीर औषध खाऊन बाहेर जाऊन मरतो, ही समजूत नवशिक्यांना फार प्रिय असते. तो डॅशबोर्डच्या पाठीमागे, हाताला न लागणाऱ्या जागी मरतो. त्याला शोधायला गाडी खोलण्याची मजुरी आणि पंधरा दिवसांचा वास, दोन्ही आपलेच. शिवाय औषध खाल्लेला उंदीर एखाद्या मांजराने किंवा घुबडाने खाल्ला, तर ज्याच्याकडून काम करून घ्यायचं तोच जातो. चिकटपट्टीचे सापळेही आणू नका. चिकटलेला उंदीर रात्रभर ओरडतो आणि सकाळी त्याचं काय करायचं याचं उत्तर पाकिटावर छापलेलं नसतं.

पिंजरा लावा. भिंतीच्या कडेने लावा, कारण उंदीर मोकळ्यावरून जात नाही, कडेकडेने जातो. शेंगदाण्याचा कूट गुळात मळून, आकड्याला चिकटेल असा लावा. नुसतं भजं लावलं तर तो भजं नेतो आणि पिंजरा ठेवतो.

आमच्या घरी मात्र पिंजऱ्याला आत्याची हरकत होती. “ज्या गावात एवढा मोठा गणपती बसलाय, तिथं त्याच्या वाहनाला कोंडतोस?” मी म्हणालो, “आत्या, हे वाहन माझ्या वाहनात शिरलंय.” शेवटी तडजोड झाली. पकडायचा, पण मारायचा नाही. पहिला सापडला तो मी कृष्णेच्या पलीकडे नेऊन सोडला. दोन दिवसांनी पिंजऱ्यात तेवढाच, तसाच, तोच आविर्भाव. पलीकडच्या लोकांनीही तीच तडजोड केली असावी.

आणि गणित करून ठेवा. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सात पिल्लं, ती सहा आठवड्यांत वयात येतात. म्हणजे ‘बघू पुढच्या महिन्यात’ हे वाक्य उच्चारण्याची सोय नाही.

एक गोष्ट गमतीत घेऊ नका. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. हातमोजे घाला, गाडी उघडून वारा खेळू द्या, जंतुनाशकाचं पाणी शिंपडून ओलं करा आणि मग पुसा. वास राहिला तर तो पुढच्या उंदराला पत्ता सांगतो.

पाठ पाचवा : किरकोळ मंडळी

मुंग्यांसाठी दाराच्या खाचेत हळदीची रेघ. वाईची हळद असताना दुसरं काही विकत आणणं मला पाप वाटतं. झुरळांना बोरिक पावडर, कणीक आणि साखरेची गोळी. पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. कुंभारमाशी कुठल्याही उघड्या नळीत मातीचं घर करते, म्हणून पाण्याच्या टाकीच्या नळीला जाळी लावा. पालीला राहू द्या, ती भाडं देते. उंदीर असतील तिथे त्यांच्या मागावर धामणही येते. ती बिनविषारी असते हे मला माहीत आहे. गादीखालून निघाली तेव्हा आठवलं नाही.

माकडांवर उपाय नाही. महाबळेश्वरच्या पॉइंटांवर ती गाडीची काच किती उघडी आहे हे आपल्याआधी बघतात. काच लावा आणि हातात कणीस धरून फोटो काढू नका.

पाठ शेवटचा : मांजर

मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार, हा प्रश्न इतर गावांना पडत असेल. घंटा आमच्याकडे आहे. 1707 साली ओतलेली, 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांकडून मिळालेली, मेणवलीच्या घाटावर टांगलेली. मापाचं मांजर मिळत नाही, एवढीच अडचण.

तरी मी एक आणलं. गाडीत सोडलं. महिनाभर उंदराचा पत्ता नव्हता. मेस्त्री म्हणाला, गाडी चालवत राहा, दर आठवड्याला धोम धरणापर्यंत जाऊन या. हलत्या गाडीत उंदीर संसार मांडत नाही, उभ्या गाडीत मांडतो. एवढा सरळ, बिनखर्चाचा उपाय मला दोन वर्षांत कोणी सांगितला नव्हता. मी त्याच शनिवारी डबा भरून घेतला, किल्ली घेतली, मागचं दार उघडलं. नव्या गादीवर मांजर व्यालेलं होतं.

आता पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत गाडी हलवायची नाही, असा आत्याचा हुकूम आहे. चार पिल्लं आहेत, दोन ढवळी, एक काळं, एक तिरंगी. आणखी महिना-दीड महिन्याने आईपासून वेगळी करता येतील. ज्यांच्याकडे ओम्नी आहे त्यांना प्राधान्य. येताना झाकणाची टोपली आणावी.