विषम दाताळ्याचे गुणगान

काँक्रीटचा रस्ता फार आवाज करतो, अशी कुरकुर सुरू झाली आहे. डांबरी रस्त्यावर खड्डे होते तेव्हा कुणाला टायरचा आवाज ऐकायची सवडच नव्हती.

खरा गुन्हेगार टायर नाही, दाताळे आहे. पावसात गाडी घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवरून तारांचे दाताळे आडवे ओढतात आणि चरी पाडतात. हे दात सारख्या अंतरावर असले की घोटाळा होतो. चरी 25 मिलिमीटरवर आणि गाडी ताशी 100 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला अकराशेच्या वर ठोके. एकसुरी शिट्टी! रस्त्याकडेला फ्लॅट घेतलेल्यांनी ती जन्मभर ऐकायची, तीही हप्ते भरत.

अमेरिकी अभियंत्यांचा एक उपाय वाचून माझा ऊर भरून आला. दातांमधले अंतर विषम ठेवा. आवाज एका सुरावर न साचता विखुरतो. विषम! त्याच एका गुणासाठी आपण ठेकेदारांना आजवर किती बोल लावले. पण पुढची ओळ वाचली आणि उत्साह मावळला. ही विषमता आधी कोष्टकात आखून घ्यायची आणि मग तंतोतंत पाळायची असते. गबाळेपणा मोजूनमापून करायचा म्हटल्यावर आपला माणूस तिथेच अडणार.

चरी आडव्याऐवजी उभ्या, गाडीच्या दिशेने पाडल्या तर आवाज आणखी उतरतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधनातून पुढे आलेला पृष्ठभाग तर हिऱ्याच्या पात्यांनी घासून सपाट करतात आणि मग त्यात उभ्या खोबणी कोरतात. तत्त्व सोपे आहे: वर डोके काढणाऱ्यावर टायर आदळतो, खाली दबून राहणारा गप्प असतो. सरकारी नोकरीत हे पहिल्याच वर्षी कळते.

अमेरिकेतल्या फिनिक्सकरांनी 2003पासून वेगळाच मार्ग धरला. शहरातल्या काँक्रीटच्या महामार्गांवर त्यांनी जुन्या टायरांचा चुरा मिसळलेल्या डांबराचा पातळ थर चढवला. आवाज घटला, लोक खूश. पुढे थर झिजला. आता तो खरवडून खालचे काँक्रीटच हिऱ्याच्या पात्यांनी घासत आहेत.

काँक्रीटवर डांबर घालण्याचे तंत्र मुंबईला मात्र कुणी शिकवायला नको. नवा कोरा रस्ता केबलसाठी खोदायचा आणि वर डांबराचे ठिगळ मारायचे, हे काम आपल्याकडे वर्षभर चालते. फक्त त्याला ‘शांत रस्ता योजना’ म्हणून वेगळे बिल लावायचे अजून कुणाला सुचलेले दिसत नाही.