साथीचे रोग

आमच्या घरी पेटी आहे, ही गोष्ट मी चारचौघांत कधी सांगायलाच नको होती. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरची भांडणं आटोपून कोजागरीचा विषय निघाला, "यंदा नुसतं मसाला दूध नको, काहीतरी कार्यक्रम हवा" असं सेक्रेटरी म्हणाले आणि मागच्या रांगेतून कुणीतरी खणखणीत आवाजात सांगितलं, "आपलाच वाद्यवृंद करू या की! माणसं मी जमवतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि सगळे वळून माझ्याकडेच का बघतायत हे कळायला मला थोडा वेळ लागला. बोललो मीच होतो.

आता माझी योग्यता सांगतो. सहावी-सातवीत दोन वर्षं मी एका मास्तरांकडे पेटी शिकलो. त्यांनी मला काळी एकमध्ये अलंकार, भूप आणि दुर्गा एवढं शिकवलं आणि मग एक दिवस आईला बोलावून "मुलाचं गणित चांगलं आहे हो" असं सांगितलं. ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीवर बंदी घातली होती, का तर हिच्यातून मींड निघत नाही, श्रुती दाखवता येत नाहीत. ती बंदी उठायला 1971 साल उजाडलं. माझा जन्मही 1971 चाच. ही म्हणते, रेडिओवाल्यांनी जरा घाई केली.

तरी पेटीवाला म्हणून मी होतोच. गाणाऱ्यांचा प्रश्न नव्हता. आमच्या डोंबिवलीत गच्चीवरून खडा टाकला तर तो गाणाऱ्यालाच लागतो. बी विंगमधल्या काकू भावगीतं म्हणायच्या, डी विंगमधले एक बँकवाले जुनी हिंदी गाणी. उरले तबला, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड. तीन माणसं. हातात सहा आठवडे. पुणे आकाशवाणीवर गीतरामायण झालं तेव्हा 1955 च्या रामनवमीपासून पुढच्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक अशी 56 गाणी झाली. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून चार वाढली. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, वादकांनी बसवायचं, आणि शुक्रवारपाठोपाठ शुक्रवार ते होत राहायचं. आपल्याला तर आठच गाणी करायची आहेत, तीही दुसऱ्यांनी करून ठेवलेली, असा मी विचार केला. गीतरामायणाचे वादक दर आठवड्याला यायचे, हा त्यातला खरा चमत्कार होता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तबलजी कल्याणचे. हात असा गोड की पहिल्या दिवशी त्यांनी नुसता तबला लावायला घेतला, गठ्ठ्यांवर चार ठिकाणी हातोडी ठोकली, तरी आम्ही "वा!" म्हणालो. तो पहिला दिवस. त्यानंतरचे तालमीचे सगळे शनिवार ते फोनवरच भेटले. "निघालोय सर, पत्रीपुलावर अडकलोय." इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगायला हवं की कल्याणचा जुना पत्रीपूल 2018 साली पाडला आणि नवा 2021 च्या जानेवारीत सुरू झाला, आणि मधली दोन वर्षं कल्याण-डोंबिवलीत कुणी कुठंही वेळेवर पोचलं नाही आणि कुणी कुणाला जाबही विचारला नाही. पूल झाला, सवय राहिली. त्यातून मी भोळा. ट्रॅफिकची मला मनापासून दया यायची. एका शनिवारी मात्र ते पत्रीपुलावर अडकलेले असताना मागं कुकरची शिट्टी झाली. मी काही बोललो नाही. दुसरीही झाली. "सर, बाजूला टेम्पो आहे," ते म्हणाले. तिसरी शिट्टी झाल्यावर टेम्पोतून एक बाई "गॅस बंद करा हो" असंही ओरडल्या.

ऑक्टोपॅडवाल्याची तर गोष्टच वेगळी. त्याला फोन केला तर त्यानं नाव-गाव न विचारता पहिला प्रश्न टाकला, "नाइट किती?" मी म्हटलं, "दहापर्यंतच, नंतर स्पीकर लावता येत नाही, पोलीस येतात." तो बराच वेळ गप्प होता. मग त्यानं समजावलं की नाइट म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे. ते किती हे त्यानं सांगितलं तेव्हा गप्प बसायची पाळी माझी होती. तरी घासाघीस करून तो यायला तयार झाला, पण कोजागरीला म्हणजे दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी, आणि दसऱ्याआधीचे नऊ दिवस तो गरब्याला वाजवणार. त्याची बिचाऱ्याची कमाई त्याच नऊ रात्रींची, हे मला मान्य आहे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या मनगटाचा फोटो पाठवला. मनगट माझ्या पोटरीएवढं झालं होतं. खाली लिहिलं होतं, "काका, सॉरी."

कीबोर्डवाला मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्यामुळं तालमीला तो अधूनमधून यायचा आणि कॉलेजलाही तसाच जात असावा. पहिल्याच दिवशी त्यानं माझ्या पेटीचा षड्ज ऐकला, मोबाइल काढून तिच्यासमोर धरला आणि म्हणाला, "काका, तुमची पेटी चारशे त्रेचाळीसला आहे." मला वाटलं, किंमत बघतोय. मी म्हटलं, "अरे, वडिलांनी त्याहून कमीत घेतली होती." त्यानं शांतपणे सांगितलं की हल्लीची वाद्यं चारशे चाळीसच्या हिशोबानं लावलेली असतात, तुमचे सूर चढे आहेत, हरकत नाही, मीच माझा कीबोर्ड चढवतो. एवढ्या मोठ्या मनाचा मुलगा मी दुसरा पाहिला नाही. फक्त तो पुढच्या तीन शनिवारी आला नाही.

नियमानं यायचे ते एकटे तळमजल्यावरचे आजोबा. वय 78, वाद्य खंजिरी. त्यांना मी बोलावलं नव्हतं. तालीम सहाची असेल तर हे पावणेसहाला खुर्चीत, मांडीवर रुमाल, रुमालावर खंजिरी. गाणं दादऱ्यात असो की केरव्यात, ते "ज्ञानोबा-तुकाराम"च्या लयीत वाजवायचे आणि गाणं संपल्यावरही थोडं वाजवायचे. सात माणसांचे पोहे करून ही वाट बघायची, आणि आम्ही दोघं, मी आणि आजोबा, समोरासमोर बसून ते संपवायचो. पाचव्या शनिवारी चौथी बशी पुढ्यात घेऊन मी एक सिद्धांत मांडला: ज्याला वाजवता येतं तो वेळेवर येत नाही, आणि जो वेळेवर येतो त्याला वाजवता येत नाही. ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "तुम्ही एकही तालीम चुकवली नाहीत, नाही का हो?" ती म्हणाली.

तरीही मी घाबरलो नव्हतो. मला भीती होती ती पट्टीची. बँकवाले काळी एकला गायचे, ते माझं माहेर. पण काकूंची पट्टी काळी चार. तिथं भूपसुद्धा मला परक्या गावात एसटी चुकल्यासारखा वाटतो. शिवाय दोन पट्ट्या म्हणजे दोन तबले लागणार, म्हणून मी एका भजनी मंडळाकडून दुसरा तबला मागून आणला, डिपॉझिट ठेवून, रिक्षात मांडीवर घेऊन. कोजागरीच्या रात्री तबलजींनी तो बघितला आणि विचारलं, "हा कशाला?" मी कारण सांगितलं. "सर, काळी एकचा तबला ताईंच्या काळी चारला मध्यम होतो," ते म्हणाले. "तोच चालतो." दुसऱ्या तबल्यावर आम्ही दुधाचं पातेलं ठेवलं नाही एवढंच.

पण हे पुढचं झालं. कार्यक्रम आठचा होता. गच्चीवर सतरंज्या, चंद्र, माइक, दीडशे माणसं, आणि मंचावर मी आणि आजोबा. आठ वाजून दहा मिनिटांनी सेक्रेटरींनी खुणेनं सांगितलं की काहीतरी करा. मी भाता मारला. ऑक्टोबरातली दमट हवा, त्यात पेटी गच्चीवर संध्याकाळपासून उघडी. एक पट्टी खाली गेली ती वर यायलाच तयार नाही. पंचम लागला तो लागलाच. मी बोट उचललं तरी चालू, दोन्ही हात वर केले तरी भात्यातली हवा संपेपर्यंत चालू. आजोबांनी त्यावर ठेका धरला. लोकांना वाटलं, हा काहीतरी पारंपरिक प्रकार असावा. दोन-तीन बायकांनी हातही जोडले.

साडेआठच्या सुमाराला तबलजी आले, पाठोपाठ कीबोर्डवाला मुलगा आला, त्यानं नखानं माझी पट्टी मोकळी केली आणि काकूंचं गाणं सुरू झालं. काळी चारमध्ये ते मला येत नव्हतंच, म्हणून मी आधीच एक युक्ती काढून ठेवली होती: शेजारच्या कीबोर्डवर मुलाची बोटं कुठं पडतात ते बघायचं आणि तसंच वाजवायचं. बघतो तर काय, तो आरामात पांढरी एकपासून वाजवतोय! मला हायसं वाटलं. उगीच घाबरत होतो, म्हटलं, आणि चांगल्या जोरात हात टाकला. त्या यंत्राला पट्टी बदलायचं एक बटण असतं, ते दाबलं की बोटं पांढरी एकवर आणि आवाज काळी चारचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कीबोर्ड एका गावाला, पेटी दुसऱ्या गावाला, आणि मधल्या फाट्यावर काकू. त्या थांबल्या, दोघांकडे बघितलं आणि माइकवरच विचारलं, "मी नक्की कुणाचा सा धरू?"

गच्ची हसली. मग तबलजींनी, म्हणजे डाव्या हातानं डग्गा घुमता ठेवत उजव्या हातानं, माझ्यासमोरचा माइक हलकेच उचलला आणि आजोबांकडे वळवला. आजोबांकडे! त्यानंतर गाणी अशी रंगली की खाली उतरलेले लोक दुधाचे पेले घेऊन परत वर आले. माझा भाता चालू होता, बोटं चालू होती, मान डोलत होती. शेवटी दोघं-तिघं येऊन हात हातात घेऊन म्हणाले, "आज तुमची पेटी फार सुरेख वाटली हो." मी नम्रपणे मान लववली. मनातून मला ते थोडं पटलंही होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी तबलजींचा फोन आला. रविवारी संध्याकाळी कल्याणला एका साखरपुड्यात गाणी आहेत, त्यांचा पेटीवाला ऐनवेळी फसवतो, तेव्हा तुम्ही याल का? "माझी पेटी?" मी विचारलं. "माइकचं आपण बघू," ते म्हणाले, "पण सर, तुम्ही वेळेवर येता." चोपन्न वर्षांत मला कुणी वाजवायला बोलावलं नव्हतं. मी हो म्हटलं. त्याच रात्री आजोबा वर आले. त्यांच्या भजनाला रविवारी पेटी हवी होती, संध्याकाळीच. तेही मला म्हणाले, तुमच्यासारखा वक्तशीर माणूस नाही. आता एवढं म्हटल्यावर माझ्या तोंडून नाही कसं निघणार? वेळा थोड्या मागंपुढं करता येतील, भजन लवकर आटपेल, साखरपुडे उशिराच सुरू होतात, असा मी हिशोब केला. मास्तर म्हणालेच होते, गणित चांगलं आहे.

आज रविवार. सहा वाजलेत. आजोबांच्या घरून टाळांचा आवाज येतोय, मी अजून बनियनवर आहे आणि तबलजींचा तिसरा फोन वाजतोय.

"निघालोय हो," मी म्हटलं, "पत्रीपुलावर अडकलोय."

तेवढ्यात हिच्या कुकरची शिट्टी झाली.