डोकं नाही, भाव आहे

नेड स्टाइनबर्गर मुळात फर्निचरचे डिझायनर. 1980च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्यांनी बास गिटारचं डोकंच छाटलं, लाकूड हद्दपार केलं आणि ग्राफाइटची ‘एल-2’ बाजारात आणली. 1981च्या उत्तम डिझाइन्समध्ये ‘टाइम’ने तिला मानाचं पानही दिलं.

आज ती विकणाऱ्याचा थाट बघावा! ग्राफाइटची मान वर्षानुवर्षं वाकत नाही. मालकाचा भावही नाही. ‘अदलाबदल नको’ असं ठणकावून झालं, की कशाकशाशी अदलाबदल चालेल याची यादी सुरू. ओरखडे म्हणजे ‘इतिहास’. स्टाइनबर्गरची कंपनी ‘गिब्सन’ या गिटार कंपनीकडे जाण्यापूर्वीचा नग असेल, तर मालक कुजबुजतच बोलतो.

तिला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात, हे त्याला पैसे मोजून झाल्यावर आठवतं. घेणाऱ्याने आधी तारांचंच विचारावं.