येणे बाकी

आपल्या वाचनालयाची जुनी वेबसाइट नेमकी कशात केली होती, असं मी कार्यकारी मंडळाच्या सभेत विचारलं, तेव्हा कोषाध्यक्ष म्हणाले, "कॉम्प्युटरमध्ये." यावर कुणीही हसलं नाही. उलट दोघातिघांनी मान डोलावली आणि चिटणीस बापूंनी ते इतिवृत्तात लिहूनही घेतलं.

निमित्त शताब्दीचं होतं. स्मरणिका काढायची तर संस्थेचा इतिहास हवा. तो एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सुवाच्य अक्षरात दोनशे पानी वहीत लिहून दिला होता. वेबसाइट झाली तेव्हा तो टाइप करून तिच्यावर चढवला, आणि आता तो जगभर दिसतोय तर वही कशाला जागा अडवते, म्हणून वही रद्दीत दिली. आमचं वाचनालय शासनमान्य, 'ब' वर्गाचं. 1967 च्या कायद्याखाली अनुदान मिळतं, तपासनीस येतात, आणि दाखलनोंदवहीत लिहिलेलं प्रत्येक पुस्तक आम्ही त्यांच्यासमोर उभं करू शकतो. न सापडल्यास ते कोणाच्या घरी आहे हे तरी ग्रंथपालबाई नक्की सांगतात. वेबसाइटची दाखलनोंद मात्र कुणी केली नव्हती. ती ज्या कॉम्प्युटरवर होती तो भंगारात गेल्याचे साडेतीनशे रुपये तेवढे जमेच्या बाजूला दिसतात.

काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मला ई-मेलला फाइल जोडता येते. अध्यक्ष अण्णासाहेबांनी एवढीच सूचना केली, "तसंच्या तसं परत आलं पाहिजे. एक काना इकडचा तिकडे होता कामा नये."

वेबसाइट बापूंच्या भाच्यानं 2002 च्या उन्हाळ्यात केली होती. तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता, आता शिकागोत असतो. त्याला फोन लावला.

"फ्रंटपेजमध्ये केलेली काका," तो म्हणाला. "फुल टू ड्रॅग-ड्रॉप. एक अक्षर कोड लिहिला नव्हता."

यात लाजण्यासारखं काही नाही. त्या काळात निम्म्या जगानं हेच केलं. फ्रंटपेज मुळात अमेरिकेतल्या केंब्रिजच्या व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या छोट्या कंपनीचं. जानेवारी 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती सुमारे तेरा कोटी डॉलरना विकत घेतली. तिच्या दोन संस्थापकांपैकी चार्ल्स फर्ग्युसन यांनी पुढे 2008 च्या आर्थिक घोटाळ्यांवर 'इनसाइड जॉब' हा माहितीपट केला आणि त्याला ऑस्कर मिळालं. म्हणजे आमच्या वेबसाइटचं कूळ बघायला गेलं तर थेट ऑस्करपर्यंत पोचतं. (हे अण्णासाहेबांना सांगण्याची घाई मी केली. आता ते भाषणात येणार.) मायक्रोसॉफ्टनं फ्रंटपेजची शेवटची आवृत्ती 2003 ची काढली आणि 2006 मध्ये त्याला निरोप दिला. आमच्या मंडळाला ही बातमी माझ्याकडून कळली. तिच्यावर "फार वाईट झालं, काय वय होतं?" अशी प्रतिक्रिया आली, पण ती बहुधा दुसऱ्या कोणाबद्दल असावी.

"पण मी मामाला सगळं सीडीवर दिलं होतं," भाचा म्हणाला.

सीडी सापडली. वाचनालयाच्या मागच्या सज्जात पारवे फार झाले होते म्हणून ग्रंथपालबाईंनी पंधरावीस जुन्या सीड्या सुतळीत ओवून टांगल्या होत्या. त्यांत तिसरी आमची. तिच्यावर मार्करनं लिहिलेलं 'वाचनालय – फायनल' अजून वाचता येत होतं. मागची चंदेरी बाजू मात्र उन्हापावसानं पापुद्रे सुटून इतकी विरळ झाली होती की तिच्यातून पलीकडचा पारवा दिसायचा. ड्राइव्हमध्ये घातल्यावर तिनं बराच वेळ घरघर केली आणि अखेर एक फोल्डर दिलं. आत सगळ्या पानांची नावं ओळीनं! इतिहास, पदाधिकारी, देणगीदार, उपक्रम. मी बापूंना हाक मारली. बापूंनी चहा सांगितला. चहा येईपर्यंत माझ्या लक्षात आलं की प्रत्येक फाइल जेमतेम दोन किलोबाइटची आहे.

फोल्डरच्या नावात 'व्हीटीआय' ही अक्षरं होती. ती त्याच व्हर्मीर टेक्नॉलॉजीजची आद्याक्षरं. फ्रंटपेज प्रत्येक फोल्डरच्या पोटात आपलं एक गुप्त फोल्डर करायचं आणि त्यात प्रत्येक पानाच्या नावाची एक जुळी फाइल ठेवायचं. तिच्यात पान कुणी केलं, कधी बदललं, शीर्षक काय, कुठल्या पानाला जोडलंय, सगळं. नसायचा तो फक्त मजकूर. आमच्या हाती शंभर वर्षांच्या इतिहासाची कुंडली आली होती, इतिहास नव्हता. त्यात एवढं कळलं की 'देणगीदार' हे पान भाच्यानं रात्री दोन वाजता शेवटचं दुरुस्त केलं होतं. एवढ्या रात्री त्यात काय दुरुस्त करण्यासारखं होतं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता.

तरी आमचं नशीब बरं, असं म्हणायला जागा आहे. ॲपलच्या आयवेबमध्ये ज्यांनी संसार मांडला त्यांची कथा ऐका. 2006 मध्ये ते आलं, आणि त्यातली बहुतेक पानं ज्या मोबाइलमी सेवेवर राहायची ती 30 जून 2012 ला बंद झाली. मूळ काम ज्या एका फाइलीत असायचं ती मॅकच्या ज्या लायब्ररी फोल्डरात, तो फोल्डरच नव्या मॅकमध्ये डोळ्याआड केलेला. ती फाइल गेली, तर चढवलेली पानं समोर असूनही आयवेब ती परत उघडून देत नसे. अडोबी म्यूझचं तेच. 2018 च्या मार्चमध्ये कंपनीनं हात वर केले, आणि म्यूझची फाइल म्यूझशिवाय कुणाला वाचता येत नाही. फ्रंटपेज त्या मानानं सरळ माणूस. ते साधं एचटीएमएल लिहायचं, जे आजही नोटपॅडमध्ये उघडतं. म्हणजे पान कुठूनही मिळालं तरी चालणार होतं. पण मिळणार कुठून? सर्व्हर आणि डोमेनच्या नूतनीकरणाची पत्रं वर्षानुवर्षं भाच्याच्या हॉटमेलवर जात होती आणि भाचा जीमेलवर गेला होता.

शेवटी ते मिळालं सॅन फ्रान्सिस्कोत. तिथे इंटरनेट अर्काइव्ह नावाची संस्था आहे. ब्रूस्टर केल यांनी ती 1996 मध्ये काढली आणि तेव्हापासून ती जगातल्या वेबसाइटींच्या नकला जमवून ठेवते. 2001 पासून 'वेबॅक मशीन' या नावानं त्या कुणालाही फुकट बघता येतात. संस्थेचं बिऱ्हाड एका जुन्या चर्चच्या इमारतीत आहे आणि प्रार्थनेच्या दालनात सर्व्हरचे दिवे लुकलुकत असतात. हे मी सभेत सांगितलं तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी, आपला इतिहास चर्चमध्ये गेलाच कसा आणि त्याला मंडळाची मंजुरी होती का, असा मुद्दा उपस्थित केला. तो पुढील सभेपर्यंत तहकूब आहे.

वेबॅकमध्ये आमचा पत्ता घातला की वर्षांची पट्टी येते. 2011 नंतरच्या तारखेवर टिचकी मारली तर वाचनालयाच्या नावाखाली बूट. त्याच्यापुढे केस वाढवण्याचं औषध. पत्ता मोकळा झाल्यावर कुणीतरी उचलला होता. मागे मागे जात 2003 ला पोचलो आणि एकदम पडद्यावर आमचं वाचनालय! 'सुमी पेंटिंग' नावाच्या थीममध्ये, जपानी शाईच्या फटकाऱ्यांत, आणि वर मार्कीमध्ये सरकणारं 'वाचाल तर वाचाल'. इतकी सॉफ्टवेअरं मेली, पण मार्की आजच्या ब्राउझरमध्येही सरकते. अण्णासाहेब ती चार वेळा डावीकडे जाईपर्यंत उभे राहिले.

पानं उतरवण्याची एक युक्ती मला उपयोगी पडली. वेबॅकच्या पत्त्यात चौदा आकडी तारीख असते. तिला चिकटून 'आयडी' आणि एक अंडरस्कोअर लिहिला, की अर्काइव्हनं वर लावलेली पट्टी जाते आणि पान मुळात होतं तसं हाती लागतं. चित्रं निम्मीच आली. उद्घाटनाच्या फोटोत कात्री आहे, फीत आहे, पाहुणे नाहीत.

सोर्स उघडला तेव्हा पहिला धक्का बसला. मुखपृष्ठावर 'आपण आमचे अमुक क्रमांकाचे वाचक' असा आकडा फिरायचा. त्या आकड्याच्या जोरावर अण्णासाहेब गेली वीस वर्षं "हजारो वाचकांनी परदेशातून भेट दिली" असं सांगत आलेत. फ्रंटपेजच्या त्या काउंटरला सुरुवातीचा आकडा हवा तो देण्याची सोय होती. आमच्या पानात तो स्वच्छ लिहिलेला होता. 10000. भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा म्हणाला, शून्य बरं दिसत नाही."

मजकुराचं आणखी निराळंच. त्या काळात घरोघरी विंडोज 98, त्यात देवनागरी नाही. युनिकोडमध्ये ती 1991 पासून होती, पण सामान्य माणसाच्या कॉम्प्युटरवर यायला विंडोज 2000 आणि तिचा मंगल फॉन्ट उजाडावा लागला. तोवर श्रीलिपी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख, शिवाजी, किरण, ज्याला जो सापडेल तो. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार रंगवलेले असत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कंस, डॉलर आणि अपूर्णांक. आमच्या मुखपृष्ठावर तळाशी एक सूचना होती, 'मराठी दिसत नसल्यास येथून फॉन्ट उतरवून घ्यावा.' ती त्याच फॉन्टमध्ये होती.

मग परिवर्तक शोधला आणि इतिहास त्यातून काढला. जुन्या फॉन्टांत रफार जिथे दिसतो तिथे, म्हणजे अक्षराच्या नंतर, टाइप व्हायचा. युनिकोडला तो आधी हवा असतो. त्यामुळे आमच्या सर्व कार्यकर्त्यांचे 'सवर् कायर्कतेर्' झाले. ते हातानं निस्तरलं. पण 'क्ष'नं घात केला. या फॉन्टांत अर्धा क्ष वेगळा आणि पुढचा दंड वेगळा. परिवर्तकाला अर्धा क्ष ओळखूच येईना, म्हणून तो गाळून नुसता दंड काना म्हणून ठेवत गेला. 'शिक्षण'चं 'शिाण', 'संरक्षक'चं 'संराक'. आणि 'अध्यक्ष'चं 'अध्या'. 'संस्थेचे अध्या व उपाध्या यांच्या हस्ते दीपप्रज्वलन झाले' हे वाक्य मी मोठ्यानं वाचलं तेव्हा ग्रंथपालबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत.

"फाइंड-रिप्लेस मारू का काका?" असं म्हणून शिकागोहून भाच्यानं 'अध्या'च्या जागी सरसकट 'अध्यक्ष' घातलं. अध्यक्ष परत आले. पण ते सगळीकडेच आले. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यक्षयावर प्रवचन झालं होतं, आणि 'अध्यक्षत्म' विभागात चारशे ग्रंथ असल्याचं कळलं. मी हे जसंच्या तसं छापावं या मताचा होतो.

सगळ्यात शेवटी देणगीदारांचं पान उघडलं. 'इमारत निधी' असा मथळा आणि खाली तक्ता. नाव, जाहीर, प्राप्त. भाच्यानं तो रात्री दोन वाजता तेव्हाच्या कोषाध्यक्षांच्या वहीवरून उतरवला होता, आणि अगदी इमानदारीनं, म्हणजे काहीही न समजता. जाहीरच्या रकान्यात एकही जागा मोकळी नव्हती. प्राप्तच्या रकान्यात मोकळी जागाच जास्त, आणि शेरा म्हणून 'येणे बाकी'. सहाव्या ओळीत लिहिलं होतं, 'मा. उपाध्या, 11001, येणे बाकी'. 2003 मध्ये उपाध्यक्ष कोण होते, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. सभागृहातल्या संगमरवरी पाटीवर ही सगळी नावं सोन्याच्या अक्षरांत आहेत. पाटीला दोनच रकाने आहेत, नाव आणि रक्कम.

पडद्यासमोर आम्ही पाच जण होतो. अण्णासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आता काळ बदललाय," ते म्हणाले. "जुनंच कशाला धरून बसायचं? नवीन करू. सुटसुटीत." बापूंनी याला अनुमोदन दिलं. बापू अकराव्या ओळीत होते.

कोषाध्यक्ष काहीच बोलले नाहीत. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून ओळ क्रमांक आणि आकडे उतरवून घेतले. चाळीस वर्षं पतपेढीत काढलेला माणूस. सभा संपल्यावर मला जिन्यात गाठून विचारलं, "हे पान तुमच्याशिवाय कुणाला उघडता येतं का?"

"चर्चमध्ये आहे. कुणालाही येतं."

"पण गावात कुणाला माहीत नाही ना?"

त्यानंतर असं ठरलं की जुनी पानं एकदम न टाकता दर रविवारी एकेक दुरुस्त करून टाकायची, आणि पुढच्या रविवारी कुठलं येणार ते शनिवारी व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाहीर करायचं. इतिहास टाकून झाला, उपक्रम झाले, जपानी फटकाऱ्यांसकट. देणगीदारांचं पान 'लवकरच' असं सांगून ठेवलंय. अण्णासाहेबांचे 11001 दुसऱ्याच दिवशी दुपारी आले, नातवाच्या खात्यावरून. मग बापूंचे. परवा तर पुण्याहून एकांनी वडिलांच्या नावे पैसे पाठवले आणि पावती नको म्हणून कळवलं.

काल कोषाध्यक्षांचा फोन आला. त्या पानात क्ष खूप दिसतात, तर जरा सावकाशच दुरुस्त करा, म्हणाले. मार्चअखेर जाऊ दे.