दुसऱ्या हप्त्यास अनावृत पत्र

प्रति,
मा. श्री. दुसरा हप्ता साहेब
(मंजूर, परंतु अप्राप्त)
मुक्काम : दिल्ली आणि आमच्या विद्यापीठाचा लेखा विभाग यांच्या दरम्यान कुठेतरी.

विषय : अणुभौतिकीच्या संशोधनाला आपण मिळवून दिलेल्या सक्तीच्या विश्रांतीबद्दल आभार.

महोदय,

स. न. वि. वि.

आपले थोरले बंधू पहिला हप्ता साहेब आमच्याकडे आले, तेव्हा विभागात पेढे वाटले होते. तीन वर्षांचा प्रकल्प, सरकारी अनुदान आणि विद्यापीठातल्या मुलामुलींनी स्वतःच्या हाताने करायचे प्रयोग! पाठोपाठ आपणही येणार, असं मंजुरीच्या पत्रात स्वच्छ छापलं आहे. त्या पत्राची आम्ही पारायणं करतो आहोत. देव पावतो म्हणतात, तसे आपणही पावाल.

बंधुराज आले ते फेब्रुवारीत. आर्थिक वर्ष संपलं ३१ मार्चला. मधल्या दिवसांत निविदा काढा, दरपत्रकं मागवा, खरेदी समितीची बैठक घ्या, माल आणा, बिल चुकतं करा, असा आदेश होता. जेवढं जमलं तेवढं केलं. उरलेली रक्कम नियमाप्रमाणे परत गेली. मग एप्रिलमध्ये प्रश्न आला, की मिळालेला निधी वेळेत खर्च का झाला नाही? इतका भेदक प्रश्न विचारणाऱ्या बुद्धीला आमचा साष्टांग नमस्कार.

आपल्या तत्त्वनिष्ठेबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. पहिल्या वर्षाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे आमच्या रोजच्या भाषेत यूसी, आणि खर्चाचं विवरण पाहिल्याशिवाय आपण घराबाहेर पाऊल टाकत नाही. जनतेच्या पैशाचा हिशेब हवाच, त्याबद्दल दुमत नाही. यूसीवर मी सही केली, वित्त अधिकाऱ्यांनी केली, कुलसचिवांनी केली, लेखापरीक्षकांनी शिक्का मारला. आपल्याकडून ती परत आली, कारण एका रकान्यात व्याजाचा आकडा वेगळा दाखवायचा राहिला होता. हे कळवायला आपल्याला पाच महिने लागले. व्याज तर आम्ही आधीच सरकारजमा केलं होतं. पण घाईगडबडीत निर्णय घेणं आपल्या स्वभावात नाही, हेच खरं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या जर्मेनियम डिटेक्टरचीही आपण किती काळजी घेतलीत! अणुकेंद्रकातून निघालेल्या गॅमा किरणांची ऊर्जा तो फार बारकाईने मोजतो, पण त्यासाठी त्याला उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने गार ठेवावं लागतं. खोलीच्या तापमानाला जर्मेनियममधले इलेक्ट्रॉन आपोआप सुटे होतात आणि खरा सिग्नल त्या गलक्यात हरवतो. म्हणून दर आठवड्याला भांडं भरायचं, वाफा विरेपर्यंत थांबायचं, वहीत तारीख टाकून सही करायची. आपल्या गैरहजेरीत नायट्रोजनवाल्याची बिलं थकली. काही महिने विभागातल्या शिक्षकांनी पदरमोड केली, मग तेही थांबलं. आता डिटेक्टर उबेत पडून आहे. फार काळ असा राहिला की त्याच्या आतला निर्वात हळूहळू बिघडतो आणि दुरुस्तीसाठी तो परदेशी कंपनीकडे पाठवावा लागतो. किरकोळ खर्चाची रक्कम अडवून मोठ्या खर्चाची सोय करणं, याला दूरदृष्टी म्हणतात.

कणांना प्रचंड वेग देणारे मोठे त्वरक विद्यापीठांना एकेकटीने परवडत नाहीत, म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दिल्लीत सामाईक केंद्र स्थापन केलं. आजचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र ते हेच. देशभरातल्या विद्यापीठांतले विद्यार्थी तिथल्या पेलेट्रॉन या त्वरकावर प्रयोग करतात. बीमटाइम, म्हणजे त्वरकावर प्रयोगाची वेळ, मिळवण्यासाठी प्रस्ताव द्यावा लागतो, समितीसमोर उभं राहून एकेका शिफ्टचं समर्थन करावं लागतं. आमच्या विद्यार्थिनीने ते केलं आणि तिला शिफ्ट मिळाल्या. त्यासाठी तिने केसाहून कितीतरी पातळ अशी टार्गेटची पत्री लाटून लाटून तयार केली होती. हवेतल्या ऑक्सिजनने ती खराब होऊ नये म्हणून निर्वातात जपली होती. पण प्रवासखर्च आपल्या खिशात आणि आपण वाटेत! तिच्या शिफ्ट दुसऱ्याला गेल्या. आपण तिचा उन्हाळ्यातला दिल्लीचा प्रवास वाचवलात, तिच्या वतीने आभार.

तिच्या विद्यावेतनाबद्दल वेगळे आभार मानायला हवेत. कनिष्ठ संशोधकाला जानेवारी २०२३पासून दरमहा ३७ हजार रुपये मंजूर आहेत. कागदावर ते दरमहा मिळतात. प्रत्यक्षात आपण आलात तर मिळतात. घरमालकाला, खाणावळीला आणि गावाकडे पैशाची वाट पाहणाऱ्या आईला आपली कार्यपद्धती समजावून सांगण्याचं काम तिने कित्येक महिने केलं. आता ती हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे एक तारखेला पगार होतो. तिच्या जागी दुसरं कुणी शिकून तयार होईलही, पण तिच्या हाताला आलेली ती पत्री लाटण्याची कला वहीत लिहून ठेवता येत नाही.

उच्च ऊर्जा भौतिकीवाल्यांच्या वतीनेही मी आभार मानतो. जानेवारी २०१७पासून भारत जिनिव्हाच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेचा सहयोगी सदस्य आहे. दिल्ली, पंजाब, जम्मू अशा विद्यापीठांतली मंडळी तिथल्या प्रयोगांत कितीतरी वर्षं राबत आली आहेत. तिथला महाकाय त्वरक चालू असतो तेव्हा त्यात सेकंदाला सुमारे ४ कोटी वेळा प्रोटॉनांचे झुपके एकमेकांना छेदून जातात. आपल्या प्रतीक्षेत त्यांतला एकही झुपका थांबत नाही. परदेशी यंत्रांना आपल्याकडची रीतभात कोण शिकवणार?

आपल्या नातेवाइकांचंही कौतुक करायलाच हवं. सरकारी संशोधन संस्थांना उपकरणांवर ५ टक्के सवलतीचा जीएसटी होता, ती सवलत जुलै २०२२मध्ये गेली. त्यानंतर बहुतेक उपकरणांवर १८ टक्के लागू झाला. म्हणजे सरकारने दिलेल्या अनुदानातून सरकारलाच कर. जुलै २०२४च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतल्या रसायनांवरचं सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्क्यांवर नेलं होतं. देशभरातून ओरड झाली आणि काही दिवसांतच ते मागे घेतलं. चूक इतक्या चटकन दुरुस्त होऊ शकते, हे तेव्हा समजलं. ती चपळाई आपल्या घराण्यात आहे, तर आपल्यातच कशी उतरली नाही?

इतिहासात आपल्याला साजेसे पूर्वज आहेत. मेघनाद साहांनी कलकत्ता विद्यापीठात सायक्लोट्रॉन उभारायला घेतला, तेव्हा त्याचे निर्वात पंप आणणारं जहाज दुसऱ्या महायुद्धात बुडालं आणि काम वर्षानुवर्षं रखडलं. साहांच्या वाटेत निदान महायुद्ध तरी होतं. आमच्या वाटेत शांततेच्या काळातलं एक टेबल आहे.

याउलट होमी भाभांनी १२ मार्च १९४४ रोजी टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि जून १९४५मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. पत्रापासून संस्थेपर्यंत पंधरा महिने. त्यांचं म्हणणं सरळ होतं : अणुऊर्जेचे दिवस येतील तेव्हा देशाला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागू नयेत, म्हणून माणसं आतापासून तयार करायची. ती माणसं आज कुठून येतात? अणुभट्टी चालवणारे, कर्करोगाच्या रुग्णाला किरणांची मात्रा मोजून देणारे, नवे डिटेक्टर बांधणारे, हे सगळे आधी कुठल्या तरी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत चुका करत शिकलेले असतात. ती प्रयोगशाळा बंद पडली, तर मुंबई, इंदूर आणि कल्पाक्कमच्या मोठ्या संस्थांना उद्या माणसं मिळणार कुठून?

राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा २०२३ साली झाला आणि पाच वर्षांत ५० हजार कोटींची घोषणाही झाली. त्यांतले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून येतील अशी अपेक्षा आहे. आकडा मोठा आहे, मनापासून अभिनंदन. पण प्रयोगशाळा घोषणेच्या आकड्यावर चालत नाही. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आली तरच चालते. आम्हाला जास्त पैसे मिळोत न मिळोत, मंजूर झालेले वेळेवर मिळावेत.

तेव्हा हात जोडून चार विनंत्या. विद्यार्थ्यांचं विद्यावेतन यूसीच्या फेऱ्यातून बाहेर काढा आणि तीन वर्षांची तरतूद पहिल्याच दिवशी करा. शिल्लक रक्कम दर ३१ मार्चला परत नेऊ नका, प्रकल्प संपेपर्यंत राहू द्या, आणि हिशेब पै न् पैचा घ्या. मंजुरीच्या पत्रावर आपल्या येण्याची तारीख छापा. ती चुकली, तर फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस होती ते जाहीर करा.

आम्हाला उशीर झाला की लेखी खुलासा मागितला जातो आणि आम्ही तो देतो. आपल्याला उशीर झाला, की प्रकल्पाची मुदत संपते आणि संशोधक अकार्यक्षम ठरतो. हे आता बदला, साहेब. आपण मुदत संपल्यावर अवतरलात, तर नियमानुसार आपल्याला व्याजासकट परत पाठवावं लागेल, आणि त्याचीही यूसी आम्हीच भरू. तोवर विभागातली उरलेली मुलंही हिंजवडीला गेलेली असतील. त्यांना परत आणायचा फॉर्म कुठल्याच नियमावलीत नाही.

कळावे, लोभ असावा, आणि या खेपेला तो बँकेच्या खात्यात दिसावा.

आपला कृपाभिलाषी,
एका विद्यापीठातला प्रमुख संशोधक