सुकतीचं बुकिंग

'अलिबागसे आया है क्या?' या एका वाक्याने आमच्या तीन पिढ्यांचं शिक्षण पाण्यात घातलं. मुलगा बी.ए. होवो नाही तर बी.ई., मुंबईच्या नाक्यावर तो अलिबागचाच, म्हणजे अर्धवटच. 2019मध्ये आमच्यातला एकजण वैतागून उच्च न्यायालयात गेला आणि या वाक्यावरच बंदी घाला म्हणाला. न्यायालयाने याचिका फेटाळली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा सल्ला मात्र फुकट मिळाला. आम्ही तो मानला आणि गप्प बसून वाट पाहत राहिलो.

पौष पौर्णिमेच्या शनिवारी वाट पाहणं संपलं. मुंबईचा भाचा दारात उभा राहिला, हातात लॅमिनेट केलेला कागद.

"मामा, आमच्या साहेबांना अलिबाग दाखवायचंय. लक्झरी डे-ट्रिप. तू बरोबर चल."

"मी कशाला?"

"कार्यक्रमात लिहिलंय ना. 'लोकल स्टोरीटेलर'. तो तू."

ज्या घरात चाळीस वर्षं मला 'आता पुरे' ऐकावं लागलं, त्या घरातून माझी बडबड पॅकेजमध्ये गेली. बायको म्हणाली, पैसे आधी घ्या.

साहेब गेटवेहून मांडव्याला खाजगी स्पीडबोटीने आले. वीस मिनिटं. साध्या लाँचला पाऊण-एक तास लागतो, पण तिच्या तिकिटात अलिबागपर्यंतची बसही येते. लक्झरी म्हणजे बस न मिळणं. रस्त्याने यायचं तर महामार्ग एका तपाहून जास्त काळ रुंद होतोय. तो रुंद होईस्तोवर प्रवाशांच्या कंबरा रुंद झाल्या. अटल सेतूने जवळपास बावीस किलोमीटर भुर्रकन आणलं तरी पुढे पेण-वडखळ कोणाला चुकत नाही. गाड्यांसकट माणसं आणणारी रो-रो बोट मार्च 2020मध्ये मोठ्या हौसेने सुरू झाली आणि त्याच महिन्यात लॉकडाऊन लागला. आमच्याकडे येण्याचे सगळे मार्ग असे शकुन पाहूनच सुरू होतात.

साहेब मूळचे दादरचे, पण मराठी पाहुण्यांचे कप वापरावेत तशी वापरणारे. उतरल्या उतरल्या म्हणाले, "आम्ही मागे कान्कूनला गेलो होतो. मेक्सिको. तिथे हे सगळं फार वेल मॅनेज्ड आहे."

असणारच. कान्कून हे मेक्सिकोच्या सरकारने 1970च्या सुमारास ठरवून, आखून, जवळपास शून्यातून उभं केलेलं गाव. अलिबाग कोणी ठरवून केलेलं नाही; ते फार्महाऊसवाल्यांच्या हाती लागलं. एक साम्य मात्र आहे. मेक्सिकोत किनाऱ्यापासून 50 किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला स्वतःच्या नावावर थेट जमीन घेता येत नाही, म्हणून बँकेचा ट्रस्ट मध्ये घालतात. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, म्हणून सातबाऱ्यावर नाव असलेला एखादा लांबचा काका शोधतात. तिकडे बँक, इकडे काका. आणि तिथले समुद्रकिनारे कायद्याने सगळ्यांचे आहेत म्हणे. इथलेही आहेत. किनारा सगळ्यांचाच आहे, फक्त त्याच्याकडे जाणारी वाट बंगल्याच्या गडग्याआड गेली आहे. ज्या वाडीतून आम्ही लहानपणी चड्डीवर समुद्रावर पळायचो, तिथे आता पाटी आहे आणि पाटीखाली वॉचमन आहे. वॉचमन गावातलाच आहे. लहानपणी तो माझ्यापुढे पळायचा.

कागदावर पहिली ओळ होती : '11.00, सी-बेड फोर्ट वॉक'. म्हणजे कुलाबा किल्ल्यावर पाण्यातून चालत जाणे. कागद छापणाऱ्या कंपनीने ड्रोन वापरला होता, फॉन्ट परदेशी वापरला होता, पंचांग तेवढं वापरलं नव्हतं.

आमच्याकडे भरती आणि सुकती, म्हणजे ओहोटी, यांचं साधं गणित आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात पौर्णिमेचं उधाण. म्हणजे साहेब नेमके समुद्र गळ्याशी आलेला असताना त्यात चालायला निघाले होते. मी हे भाच्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "मामा, स्लॉट कन्फर्म आहे."

अकरा वाजता किनाऱ्यावर घोडागाडीवाल्याने साहेबांकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं आणि म्हणाला, "सायेब, पानी उतरला नाय आजून. सुकती लागूंदे. चारनंतर या."

"यासाठी कोणाशी बोलावं लागेल?" साहेबांनी विचारलं.

"चंद्राशी," मी म्हटलं. "पण ते रात्रीच भेटतात."

स्टोरीटेलर म्हणून ही माझी पहिली स्टोरी. दुसरीही तिथेच सांगून टाकली : 1721मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून या किल्ल्याची अशीच ग्रुप बुकिंगने सहल काढली होती. आरमार, तोफा, सगळं ऑल-इन्क्लुझिव्ह. कान्होजी आंग्र्यांनी आत घेतलं नाही. रिफंडही मिळाला नाही.

वेळ काढायला साहेबांना गावातली चुंबकीय वेधशाळा दाखवली, बाहेरूनच. मुंबईत कुलाब्याला जी वेधशाळा होती, तिच्या सूक्ष्म सुया विजेच्या ट्राम येणार म्हणून बिथरल्या असत्या. म्हणून 1904मध्ये चुंबकाचं काम अलिबागला हलवलं, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. तात्पर्य, मुंबईच्या कटकटीला कंटाळून अलिबागेत सेकंड होम करणारा पहिला मुंबईकर म्हणजे एक सुई. आणि आजवरची सर्वांत शांत शेजारीण तीच. रात्री डीजे लावत नाही.

साहेबांना सुईत रस नव्हता. "वीकेंड कल्चर इथे कधी आलं?" ते म्हणाले.

म्हटलं, फार जुनं आहे. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून काही ज्यू कुटुंबं वाचली, अशी बेने इस्रायली मंडळींची परंपरेने चालत आलेली कथा आहे. ती इथेच राहिली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागली. गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. शनिवारी हात जोडून स्वस्थ बसायचं, हा वीकेंड या किनाऱ्याला त्यांनीच शिकवला. फरक इतकाच की ते शनिवारी देवाचं नाव घ्यायचे, आताचे पार्किंगवाल्याचं घेतात.

साहेब हसले. एका स्लॉटमध्ये किती स्टोऱ्या बसतात ते भाचा घड्याळात पाहत होता.

दुपारचं जेवण किहीमकडच्या एका व्हिलात. मेन्यूकार्डावर 'पॅन-सिअर्ड बारामुंडी'. साहेबांनी आदराने काटा उचलला, कारण मासा ऑस्ट्रेलियाचा वाटत होता. मी एक तुकडा खाल्ला आणि ओळख पटली. जिताडा! आमच्या खारेपाटातल्या तळ्यांत वाढणारा, एकेकाळी कचेरीतलं अडलेलं काम सुटावं म्हणून साहेबाच्या घरी पाठवला जाणारा आमचा जिताडा. बारामुंडी त्याचंच परदेशी नाव. आजही तो साहेबाच्याच ताटात होता. काम मात्र आता कोणाचं सुटत नव्हतं.

मग 'फार्म-टू-फायर' म्हणून पोपटी आली. पोपटी म्हणजे काय ते ज्याने थंडीत शेतात बसून खाल्ली त्याला विचारा : मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा, तळाला आणि तोंडाला भांबुर्डीचा पाला गच्च कोंबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्रर्र झालं की झाली पोपटी. व्हिलातल्या शेफला भांबुर्डीचं इंग्रजी नाव सापडलं नव्हतं, म्हणून त्याने रोजमेरी कोंबली होती. भांबुर्डी कुंपणापलीकडे गुडघाभर वाढली होती, फुकट. तोच तिचा दोष.

"आणि तो फेमस पांढरा कांदा?" साहेबांनी विचारलं. 2022मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून साहेबलोक त्याला अहो-जाहो करतात.

"शेतात आहे," मी म्हटलं. "भात कापल्यावर लावलाय. अजून महिना-दीड महिना लागेल. मग वेण्या घालून रस्त्यावर येईल."

"स्पेशल ऑर्डर दिली तर?"

कांद्यासाठीही कोणाला भेटावं लागतं का, असा चेहरा भाच्याने केला.

जेवणानंतर 'बर्डिंग'. विहिरीवर वाकलेल्या शिंदीला सुगरणीचे जुने खोपे लोंबत होते. इथे मला राहवलं नाही. डॉ. सलीम अली यांनी 1930च्या सुमारास याच किहीमला बसून सुगरण पक्ष्याचं घरबांधणीचं गुपित उलगडलं. घर बांधतो नर. अर्धवट बांधतो. मग मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून पाहते. तिला पसंत पडलं तर हा काम पुरं करतो, आणि तिचा संसार मार्गी लागताच शेजारच्या फांदीवर दुसरं अर्धवट घर बांधायला घेतो. म्हणजे सॅम्पल फ्लॅट, साइट व्हिजिट, पझेशन, फेज टू. किहीमचा पहिला बिल्डर हाच. पण त्याचं एक बरं असतं : जे घर कोणी घेतलं नाही ते तो तसंच सोडून देतो, पावसापाण्यात ते गवत होऊन जातं. आमच्याकडची न खपलेली घरं गवत होत नाहीत, गवताखाली जातात.

शेवटी 'रूरल ड्राइव्ह'. गाडी पोयनाडच्या बाजूला, चरी गावावरून गेली. कागदावर चरीचं नाव नव्हतं, नुसतं 'पॅडी व्ह्यूज' होतं. पॅडीही नव्हती. मी गाडी थांबवायला सांगितली.

1933मध्ये या चरीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील पुढे होते. राबायचं आम्ही आणि पीक न्यायचं खोताने, तर शेत कसणारच नाही, असं म्हणून माणसांनी 1939पर्यंत, सहा वर्षं, आपलं शेत पडीक ठेवलं. उपास काढले, लाकडं विकली, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, खोती मोडणारं विधेयक त्यांनी मांडलं. पुढे कुळकायदा आला, खोती गेली, जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर झाल्या.

साहेब खिडकीतून पाहत होते. "पण हे शेत अजून पडीकच आहे की."

आहे. तेव्हा जमीन मिळावी म्हणून पडीक होतं, आता भाव मिळावा म्हणून आहे. सहा वर्षं पाय मागे न घेता जे मिळवलं, ते एका टोकन रकमेत जातं, आणि ज्याच्या आज्याने खोताची बैलं हाकलली, तो नातू नव्या मालकाचा लॅब्राडोर फिरवतो. नवा मालक खोतापेक्षा बरा, पगार देतो. तक्रार करावी तरी कोणाकडे? सही नातवाचीच आहे.

"इथे रेट काय चाललाय?" साहेबांनी विचारलं. स्टोरी त्यांना आवडली होती.

चार वाजून गेले. कार्यक्रम संपला होता, पण वारा वाढला म्हणून स्पीडबोटवाल्याने हात वर केले. परत अलिबागच्या किनाऱ्यावर आलो तर समुद्र निघून गेला होता. किल्ल्यापर्यंत ओली, चकाकणारी वाट पडली होती, घोडागाड्या पाणी उडवत चालल्या होत्या, पोरं खेकड्यांमागे होती, एक म्हातारी कमरेला पदर खोचून दगडांवरची कालवं टोकत होती. साहेबांनी बूट काढले, पँट दुमडली आणि चालत सुटले. किल्ल्यात गणपतीचं दर्शन घेतलं, भर समुद्रातल्या त्या गोड्या पाण्याच्या तळ्यात डोकावले. परत येताना पोरासारखे हसत होते. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी कान्कूनचं नाव काढलं नाही.

मला वाटलं, चला, पोचलं काहीतरी.

"मामा," ते म्हणाले. हो, मामाच म्हणाले. "ब्युटिफुल. हे एक्सक्लुझिव्ह करता येईल का? म्हणजे एक तास, फक्त आपलाच ग्रुप?"

मी घोडागाडीवाल्याकडे पाहिलं. त्याने समुद्राकडे पाहिलं. पाणी परत फिरायला लागलं होतं.

साहेबांना शेवटच्या लाँचला बसवलं. बायकोने विचारलं, पैसे मिळाले का? म्हटलं, पुढच्या शनिवारी. ती म्हणाली, पुढच्या शनिवारी सप्तमी, सुकती सकाळी अकराला. त्यांना सांगा, स्लॉट जमतोय.

रात्री भाच्याचा फोन आला. गेटवेला उतरल्यावर साहेबांनी टॅक्सीला हात केला. दुमडलेली पँट, पायाला वाळू, हातात बूट. टॅक्सीवाल्याने वर-खाली पाहिलं आणि विचारलं, "अलिबागसे आया है क्या?"

साहेब अभिमानाने म्हणाले, "हां!"

त्याने मीटर न टाकता दुप्पट भाडं सांगितलं. साहेबांनी दिलं.