डॉक्टरांनी लीप घेतला

बासष्ट वर्षं अख्ख्या विश्वात हिंडून बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही मालिका अखेर काशिमिऱ्याला येऊन टेकली. ३१ मे २०२५ च्या ‘द रिॲलिटी वॉर’ या भागात जग बुडायच्या बेतात असताना नोकरदार, फटकळ, कुणाचं ऐकून न घेणारी नायिका कडेवर पोर घेऊन एका बंद खोलीत जाऊन बसते. बाहेर लढाई होते, भाग संपतो, आणि बाई जन्मभराची आई झालेली असते. बीबीसीवाल्यांनो, हा ट्रॅक आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात येतो. तुम्हाला फार वेळ लागला.

आमच्याकडे म्हणजे अगदी इथेच. काशिमिरा, घोडबंदर रोड, खाडीपलीकडे नायगाव या पट्ट्यात पत्र्याच्या शेडखाली मालिकांचे वाडे, हवेल्या, हॉस्पिटलं आणि कोर्टं उभी आहेत. शालू-नथीतली सासू पायात रबरी चप्पल घालून टेम्पोच्या सावलीत वडापाव खाताना दिसली तर दचकू नये. फ्रेम कमरेपर्यंतचीच आहे. इथला स्पॉटदादासुद्धा सांगेल की करिअरवाल्या नायिकेचं काय करायचं कळेनासं झालं की क्रिएटिव्हवाले तिच्या पदरात मूल टाकतात. टीआरपी दोन आठवडे तग धरतो. पुढचं पुढे.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झालेली. लोकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं म्हणून पुढच्या शनिवारी तोच भाग पुन्हा दाखवून मग दुसरा लावला. डॉक्टर हा परग्रहावरचा, काळातून फिरणारा प्राणी. त्याचं यान बाहेरून निळ्या पोलीस-पेटीएवढं आणि आतून राजवाड्याएवढं. मीरा रोडचा बिल्डर नेमकं याच्या उलट यान विकतो. १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची तब्येत साथ देईना, तेव्हा लेखकांनी शक्कल काढली की डॉक्टर मरत नाही, त्याचा नुसता चेहरा बदलतो. यावर इंग्रज टीकाकारांनी ग्रंथ लिहिलेत. आमच्या ‘क्यूँकी सास भी कभी बहू थी’मधल्या मिहीर विराणीने अमर उपाध्याय, इंदर कुमार, रोनित रॉय असे तीन चेहरे बदलले तेव्हा कुणी चार ओळींचा निबंधही लिहिला नाही.

आणि काळाशी खेळायचं म्हणाल तर आमच्यापुढे डॉक्टर बच्चा आहे. बासष्ट वर्षांत त्याचे भाग झाले जेमतेम नऊशे. ‘चार दिवस सासूचे’ने अकरा-बारा वर्षांत तीन हजारांचा टप्पा ओलांडला. चार दिवसांत! ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं गरोदरपण इतकं रेंगाळलं की अख्ख्या महाराष्ट्राने त्यावर विनोद केले. सापेक्षता सिद्धान्त समजावून सांगायला आइन्स्टाइनला आगगाडीची उदाहरणं द्यावी लागली. त्याच्याकडे झी मराठी नव्हतं.

असो. तक्रारीकडे येऊ, कारण तक्रार खरी आहे.

२०२५ च्या मोसमातली नायिका बेलिंडा चंद्रा ही भारतीय वंशाची लंडनमधली नर्स. भूमिका केली वरदा सेतू या मल्याळी मुलीने. पहिल्या भागात, १२ एप्रिलला, यंत्रमानव तिला उचलून नेतात. डॉक्टर तिला न विचारता तिच्या डीएनएची चाचणी करतो, तर ही बया त्याला तिथल्या तिथे झापते. तुझ्या साहसांतलं एक साहस व्हायला मी आलेले नाही, मला घरी सोड, माझी ड्यूटी आहे, असा तिचा एकूण खाक्या. साठ वर्षांत डॉक्टरच्या यानात बसायला बहुतेक पोरी उड्या मारत आल्या. ही पहिल्या दिवसापासून परतीचं तिकीट मागतेय. तिला २४ मे २०२५ ला घरी पोचायचंय आणि यान नेमकं त्याच तारखेला टेकत नाही. बढिया बांधणी. चर्चगेटला फास्ट लोकल चुकलेली कुठलीही बाई या पात्राशी लगेच गप्पा मारायला लागेल.

मग २४ मे उजाडतो आणि ‘विश वर्ल्ड’ हा भाग येतो. कॉनराड नावाच्या खलनायकाच्या मनासारखं जग तयार झालंय. पुरुष टाय लावून ऑफिसला, बायका घरात, अपंग माणसं कुणाच्या नजरेलाच पडत नाहीत. डॉक्टर विमा कंपनीतला कारकून, बेलिंडा त्याची गृहिणी बायको आणि पॉपी त्यांची मुलगी. मनात शंका आली की हातातला कप टेबलातून आरपार खाली पडतो, फुटतो आणि शेजारीपाजारी तक्रार करतात. या सगळ्यामागे राणी. होय, खलनायिकेचं नावच राणी, १९८५ पासून. तिच्या एका रूपात आर्ची पंजाबी, दुसऱ्या रूपात नायिकांच्या शेजारी राहून इतके दिवस नाक खुपसणारी म्हातारी, मिसेस फ्लड. शेजारीणच खरी खलनायिका, हे आमच्या सोसायट्यांना बीबीसीने सांगायची गरज नव्हती.

त्या भागात एक प्रसंग जबरदस्त आहे. बेलिंडाला या मुलीला जन्म दिल्याचं काहीच आठवत नाही. ती रानात पळत जाते आणि एकटी किंचाळते. परत येऊन केस नीट करते आणि पुन्हा गृहिणी. आमच्या मालिकांत अशी किंकाळी कधी ऐकू आली नाही, म्हणून ती लक्षात राहिली. वाटलं, बरोब्बर घाव घातला.

सात दिवसांनी त्याच लेखकाने, रसेल टी. डेव्हिस यांनी, घाव पुसून टाकला. राणी मेली, कॉनराड आटोपला, स्वप्नातलं जग विरलं आणि मागोमाग पॉपीही विरली. मग डॉक्टरने स्वतःचा जीव खर्ची घालून अख्खं वास्तव एक अंशाने सरकवलं आणि पॉपी परत आणली. यावेळी ती बेलिंडाचीच मुलगी, पहिल्यापासूनची. मागचे प्रसंग पुन्हा दाखवले. बाई मोसमभर घरी जायचं म्हणत होती ते ड्यूटीसाठी नव्हे तर पोरीसाठी, अशी दुरुस्ती झाली. म्हणजे बघा, तीच बाई, तेच पोर. २४ मे ला खलनायकाने दिलं तो तुरुंग आणि ३१ मे ला नायकाने दिलं ते वरदान. रानातली किंकाळी कुठे गेली, हे विचारायला कुणी उरलंच नाही. जिची होती तिलाही आठवत नाही. बाईची आठवण बदलताना बाईला विचारलं का? पहिल्या भागात डीएनएवरून झापणारी बेलिंडा असती तर तिने विचारलं असतं.

आई होण्यावर आमचा राग नाही. मूल झालं की बाईने दार लावून बसायचं आणि जग दुसऱ्यांनी वाचवायचं, यावर आहे. लेखकाला एकदा भाईंदरच्या लेडीज डब्यात उभं करावं. रात्रपाळी करून परतणाऱ्या नर्सबाई तिथे रोज असतात. मीरा रोडला उतरून एका हाताने कोथिंबिरीची जुडी निवडायची, खांद्याने मोबाइल कानाशी धरून स्कूलव्हॅनच्या काकांना विचारायचं, ‘बाटली घेतली का त्याने?’, आणि दुसरा फोन लावून नवऱ्याला, ‘पाणी आलं का? मग मोटर लाव ना!’ यांना कोंडायला बीबीसीकडे खोली आहे का? वन-आरकेत कोंडायचं तरी कुठे? तिथे आधीच दीर झोपलाय.

राहता राहिला तो सरकवलेला एक अंश. विज्ञानकथेत एक थाप मारायची मुभा असते. नंतर तिचे नियम पाळावे लागतात. ही शिस्त मराठी वाचकाला जयंत नारळीकरांनी लावली. ते गेले २० मे २०२५ ला, म्हणजे ‘विश वर्ल्ड’च्या चारच दिवस आधी. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल यांनी ‘डॉक्टर हू’च्याही दोन वर्षं आधी, १९६१ मध्ये, याच बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका जॉन एलियट यांच्याबरोबर लिहिली होती. एक अंश सरकवून बाळ आणणाऱ्या या गणिताला त्या गुरू-शिष्यांनी किती गुण दिले असते, याचा अंदाज बांधायला नारळीकरांच्या आयुकात जावं लागणार नाही.

जीव खर्ची घातलेल्या डॉक्टरचं पुढे काय झालं? चेहरा बदलला. शूटी गाटवा गेला आणि त्याच्या जागी अवतरली बिली पायपर, जी २००५ मध्ये याच मालिकेची नायिका होती. इंग्रज प्रेक्षक हतबुद्ध. आम्ही शांत, कारण पुढच्या दोन महिन्यांत, २९ जुलैला, ‘क्यूँकी’ परत आली आणि मिहीरच्या भूमिकेत पुन्हा पहिलेच अमर उपाध्याय. जुना चेहरा परत आणला की लोक जुनी चूक विसरतात, हे शास्त्र लंडनला आता कळलं.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये डिस्नेने बीबीसीबरोबरची भागीदारी सोडली. तेव्हा बीबीसीने जाहीर केलं, पुढचा भाग २०२६ च्या नाताळात, लेखक पुन्हा डेव्हिसच. म्हणजे दीड वर्षाचा खंड. एवढ्या अवधीत काशिमिऱ्याच्या सेटवर पॉपी उपवर झाली असती, बेलिंडाचे केस कानापाशी पांढरे केले असते, आणि मेलेली राणी विहीणबाई म्हणून बोहल्यापाशी उभी असती.